कोरड्या टेकडीचं पाणी

ड्राय हिल म्हणजे कोरडी टेकडी. नकाशात हेच नाव आहे, पायथ्याच्या रस्त्यालाही हेच, आणि आता टाउनवाल्यांनी वर जायच्या वाटेवर लाकडी फलक रोवलाय त्याच्यावरही हेच कोरलंय. नाव खोटं आहे. त्या टेकडीच्या पोटात साडेतीन परसांवर पाणी आहे, गार आणि गोड. परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. आमच्याकडं विहीर फुटात मोजत नाहीत. ते पाणी मी माझ्या हातानं बादलीतून वर ओढलेलं आहे. मी चौथी शिकलेला माणूस, इंग्रजी अजून दाताखाली खड्यासारखं लागतं, पण विहिरीबद्दल मला कुणी शिकवायला येऊ नये. एवढं बोलूनही कबूल करतो, की ज्यांनी ते नाव ठेवलं ते शहाणे होते आणि आम्ही नव्हतो.

गेल्या सप्टेंबरात नातीनं, रियानं, मला गाडीत घालून तिथं नेलं. श्रूजबरीतल्या आमच्या घरापासून वीस मिनिटंही लागत नाहीत, पण तिथून निघाल्यापासून सगळं आयुष्य मी तिकडं वळलो नव्हतो. तिला फोनवर कुठंतरी जांभळ्या टेकडीचे फोटो दिसले होते. चढावर तिनं हात पुढं केला, मी माझी काठीच धरली. फलकापाशी थांबून तिनं एकदा वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि म्हणाली, "ओके, सो ग्लेशियरने ही हिल बनवली, अँड देन स्कॉटलंडचं हेदर आलं. दॅट्स इट. चला आजोबा."

"सगळं वाच," मी म्हणालो.

"इट्स सो लाँग."

"असू दे. दुसऱ्याचं बोलणं सांगायचं तर सगळं सांगावं. आपल्या मनानं गाळू नये."

तिनं माझ्याकडं जरा बघितलं आणि मग ओळ न् ओळ मोडक्यातोडक्या मराठीत सांगितली. इथं डोंगराएवढा बर्फाचा थर होता. तो वितळला तेव्हा त्याच्या भेगांत साठलेली वाळू आणि गोटे जागच्या जागी ढीग होऊन राहिले, तीच ही टेकडी. वरचा थर बर्फानं दाबून दाबून घट्ट केलेला, आत सगळी सुटी वाळू. हेदरचं झुडूप इथलं नव्हेच. गावातल्या लोकरीच्या गिरणीला स्कॉटलंडहून यंत्रं आली, त्यांच्या खोक्यांत भरण म्हणून ते आलं, उकिरड्यावर पडलं, रुजलं आणि उताराला पसरलं. पहिल्या वस्तीवाल्यांनी टेकडीवर विहिरी खणून पाहिल्या, कडा ढासळल्या, त्यांनी नाद सोडला आणि नाव ठेवलं ड्राय हिल. फलक तिथं संपला. आमच्या मामाचं नाव त्यात नव्हतं. असायचं कारणही नाही.

मामा आईचा धाकटा भाऊ, आमच्या सगळ्या गोतावळ्यात शिकलेला एकटा. शिकून डॉक्टर झाला, इथं अमेरिकेत आला, इथला नागरिक झाला आणि त्यानं बहिणीला बोलवायचे कागद केले. बहिणीच्या मागं बापू, म्हणजे माझे वडील, आणि मी, सोळा वर्षांचा. बापू माणदेशातले नावाजलेले पाणाडे. तळहातावर नारळ आडवा ठेवून रान फिरायचे, नारळ उभा राहिला की तिथं टाच मारायचे. नुसती जागा दाखवून विडा घेऊन जाणारे नव्हते ते, कंबर बांधून खणायचेही. आपण काढलेली एकही विहीर कोरडी गेली नाही असं सांगायचे. आई चुलीपुढून हळूच म्हणायची, दोन गेल्या.

मामाचं घर टेकडीच्या पोटाशी, रस्ता संपतो तिथं. वर मामा, मामी आणि त्यांची दोन लहान पोरं. खाली बेसमेंटात आम्ही. खालून घर ऐकूच यायचं, दिसायचं कमी. मामीच्या चपला स्वयंपाकघरात कशा वाजतात त्यावरून आज वर जावं की नाही हे आई ठरवायची. थंडीत घर तापवायची भट्टी सुरू झाली की भिंतीतून आधी टकटक यायची, मग कुणीतरी मोठा सुस्कारा टाकावा तशी गरम हवा. फोडणीचा वास मामीच्या पडद्यांना लागतो म्हणून आईनं खालीच विजेची शेगडी मांडली होती, जमिनीलगतच्या चार बोटं उघडणाऱ्या खिडकीखाली. ज्वारी मिळत नव्हती. मक्याच्या भरड पिठात गव्हाचं पीठ घालून ती भाकरी थापायची. ती कडेनं चिरायची, आणि भाकरी चिरली की आई दिवसभर गप्प राहायची. मिरचीचा ठेचा ती पाट्याऐवजी एका चपट्या गोट्यावर करायची, बापूंनी टेकडीवरून आणून दिलेल्या. पांढुरका, आत चकचकणारा दगड. बापू तो हातात घेऊन उलटसुलट करायचे आणि म्हणायचे, ह्या दगडाची जात कळंना झालीया.

मामा वाईट माणूस नव्हता, हे इथंच लिहून ठेवतो. पण आमच्याकडं जावई सासरी गेला की त्याला पाट मिळतो, पहिलं ताट मिळतं. बापूंना मेव्हण्याच्या दारात बर्फ ओढायचं फावडं मिळालं होतं. ते वर जेवायला बसत नसत. मामा बोलवायचा, "दाजी, या ना वर," आणि बापू म्हणायचे, झालंय माझं. झालेलं नसायचं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, गाडी येत नव्हती, आणि जे येत होतं ते इथं कुणी मागत नव्हतं. दुपारी ते मागच्या पायरीवर बसून टेकडीकडं बघत बसायचे, गुरं राखणारा बघतो तसे.

टेकडी मोठी नव्हतीच. आमच्याकडं तिला टेकाड म्हटलं असतं. वाऱ्यानं झाडं खुरटलेली, आणि मधला सगळा उतार ह्या गुडघ्याएवढ्या झुडपांचा. बाकी वर्षभर त्यांच्याकडं बघवत नसे, जळकट तपकिरी. ऑगस्ट सरताना मात्र जांभळी व्हायची. फुलं बारीक, तुळशीच्या मंजिरीसारखी दांडीला लगडलेली, आणि मधमाशांचा असा घूंऽ आवाज की टेकडीच गुणगुणतेय म्हणावं. आई त्याला जांभळी मंजिरी म्हणायची आणि देवापुढं वाहायची. माथ्यावरून पश्चिमेला लांबोळकं तळं दिसायचं, त्याच्यावरचा पूल, पलीकडं वूस्टर शहरातल्या गिरण्यांची धुराडी. उत्तरेला एकटाच निळा डोंगर, बैल बसल्यासारखा. मी आणि आई संध्याकाळी वर जाऊन बसायचो. तिथं ती मोठ्यानं बोलायची. घरात तिचा आवाज मी विसरलोच होतो.

उताराखाली वॉल्टर नावाच्या म्हाताऱ्याची सफरचंदांची बाग होती. बागेभोवती दगडांचा रचलेला बांध, चुना नाही, माती नाही, नुसता दगडाला दगड धरून उभा. पुढं मी जन्मभर अशाच भिंती रचून पोट भरलं. डोळा त्या बांधानं दिला. एक हंगाम मी त्याची सफरचंदं तोडली, त्यामुळं त्याचं बोलणं मला कळायचं. एकदा त्यानं बापूंना टेकडीवर नारळ घेऊन फिरताना पाहिलं. हसला नाही. खिशातून चाकू काढला, सफरचंदाची दुबेळकी फांदी तोडली, दोन टोकं दोन मुठींत धरली आणि बापूंच्या मागं मागं चालू लागला. जिथं नारळ उभा राहिला तिथंच त्याची फांदी खाली वाकली. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. ह्या देशात बापूंना ओळखणारा तो पहिला माणूस, आणि त्यांना एकमेकांशी बोलायचं तर मधे मी.

त्या उन्हाळ्यात मामाच्या घरच्या बोअरचं पाणी गढूळ यायला लागलं, मग धार करंगळीएवढी झाली. मामी दुकानातून पाण्याचे कॅन आणायची. बोअर मारणारा मशीनवाला दोन महिने येणार नव्हता. बापू पहिल्यांदा आपणहून वर गेले आणि मामाला म्हणाले, मी काढून देतो विहीर. मामा नुसता हसला. पण पुढच्या रविवारी घरी मंडळी जेवायला होती, चार-पाच मराठी कुटुंबं, डॉक्टर, इंजिनियर, बायका जरीच्या साड्यांत. आईनं पुऱ्या तळल्या होत्या, त्या दिवशी पडद्यांना वास चालला. बापूंना मामानं हाताला धरून वर आणून बसवलं. बोलता बोलता पाण्याचा विषय निघाला आणि मामा मंडळींना म्हणाला, "आमचे दाजी पाणाडे आहेत बरं का. कोकोनट टेक्नॉलॉजी." मग बापूंकडं वळून, "दाजी, किती हॉर्सपॉवरचा असतो हो तुमचा नारळ?"

सगळे हसले. बापूही हसले. मग म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही नाडी बघता, तुमच्या बोटाला किती हार्सपावर लागतो?"

आता हसणं जास्त झालं, आणि ते मामाच्या बाजूचं नव्हतं. मामाचा चेहरा उतरला. त्यानं पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि अगदी हळू, समजावल्यासारखा म्हणाला, "दाजी, ते गाव होतं. इथलं तुम्हाला काही कळत नाही, एवढं एकदा ॲक्सेप्ट करा. म्हणजे तुम्हालाही त्रास नाही आणि आम्हालाही नाही."

आई पुऱ्यांचं ताट घेऊन दारात उभी होती. कुणी पुरी घेतली नाही. बापूंनी पानातलं सगळं संपवलं, अन्न टाकायची त्यांची सवय नव्हती, आणि उठून खाली आले. मी मागं आलो. ते खाटेवर बसून आपल्या हातांकडं बघत होते. म्हणाले, "म्हादू, त्याचं खरं आसंल तर मी कशाला आलो रं हितं?" मग म्हणाले, "एवढी एक हीर लागू दे. मग काय का बोलंना."

बापूंना मी तसं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मी तिथंच मनाशी ठरवलं, की आता ह्यांना तुम्हाला कळत नाही असं कुणी म्हणायचं नाही. निदान माझ्या तोंडून नाही. मी पुढं जे केलं त्याचं मूळ ते आहे. सबब म्हणून सांगत नाही.

मामाला दुसऱ्या दिवशी लाज वाटली असावी. "खणा दाजी, हवी तेवढी खणा," म्हणाला, "आणि ह्या म्हादूलाही लावा कामाला." आम्ही खणायला लागलो. कुदळ, फावडं, पहार आणि वर तीन वाशांची तिवई करून कप्पी. हेदर फुलायला लागलं होतं. बापूंनी झुडपं तोडली नाहीत, मुळासकट मातीचा गड्डा धरून उचलली आणि बाजूला लावली, झाल्यावर परत लावता येतील म्हणून. वरचा थर पहारीला दाद देत नव्हता, पिवळट, गच्च, खडे बसवलेला. बापूंचा चेहरा खुलला. "मुरूम हाय," म्हणाले. आमच्याकडचं शास्त्र त्यांना तोंडपाठ: वर माती, मातीखाली मुरूम, मुरमाखाली मांजऱ्या दगड, त्याच्याखाली काळा पाषाण, आणि काळ्याच्या चिरेत पाणी. खाली जावं तशी जमीन घट्ट होत जाते. मुरमाची कड उभी कापली तर वर्षानुवर्षं उभी राहते, तिला ना लाकूड लागतं ना बांधकाम. त्यांनी कड ताशीव कापली, भिंतीला गिलावा करावा तशी. मी वरून बघत होतो आणि माझी छाती फुगत होती. हे ज्याला येतं त्याला काही कळत नाही म्हणता?

बापूंच्या डोक्याएवढं खणून झालं तेव्हा वॉल्टर वर आला. खड्ड्याच्या कडेला गुडघ्यावर बसला, कडेची माती चिमटीत घेऊन चोळली, आणि मला जे म्हणाला ते मला शब्दाला शब्द कळलं. त्यात कळण्यात काही चूक झाली नाही. म्हणाला, "तुझ्या वडलांना सांग, इथून खाली फळ्या लावल्याशिवाय उतरायचं नाही. हे वरचं कवच आहे. खाली वाळू आहे. दगड पडायच्या आधी कुरकुरतो, वाळू काही सांगत नाही, ती एकदम येते. माझ्याकडं फळ्या आहेत, मी आणतो."

बापूंनी खालून विचारलं, "काय म्हंतोय म्हातारा?"

मी म्हणालो, "म्हणतोय, हात लई चांगला आहे तुमचा."

बापू हसले. त्यांनी वर बघून वॉल्टरला हात केला. वॉल्टरला वाटलं, निरोप पोचला. त्यानंही हात केला.

दुपारी तो पिकअपमधून जाड जाड फळ्या घेऊन आला, खड्ड्यापासून दहा पावलांवर नीट रचून ठेवल्या आणि आपल्या लेकीकडं आठ दिवसांसाठी निघून गेला. बापूंनी विचारलं, ह्या कशाला? मी म्हणालो, त्याच्या कुंपणाच्या आहेत, आल्यावर नेतो म्हणालाय. बापूंनी एकदा खाली बागेकडं पाहिलं, मग फळ्यांकडं पाहिलं, आणि कुदळ घेऊन खाली उतरले. त्या दिवसापासून आम्ही भाकरी खायला त्या फळ्यांवर बसायचो. उंची बरोबर होती.

दोन परसांखाली मुरूम संपला आणि वाळू लागली. ओलसर, बारीक, मधे मधे कोंबडीच्या अंड्याएवढे गुळगुळीत गोटे. बापू थबकले. मूठभर वाळू वर पाठवली मला बघायला. म्हणाले, "म्हादू, हितली जिमीन उलटी हाय. घट वर आन् सुटी खाली." दिवसभर त्यांनी पुढं खणलं नाही, नुसते कडेला बसून राहिले. तेव्हा सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं, आणि फळ्या बुडाखाली होत्या. पण सांगितलं असतं तर आधी का नाही सांगितलं हेही सांगावं लागलं असतं, आणि म्हाताऱ्यानं तुमचा हात चांगला म्हटलंच नव्हतं हेही. मी म्हणालो, ओल आलीय बापू, आता जवळच असेल. ते उठले आणि उतरले. तसे आठ दिवस माझ्याकडं होते. रोज सकाळी एक.

पाणी शनिवारी लागलं. बापूंचा आवाज खालून आला तो मला ओळखूच आला नाही, पोरासारखा. मी बादली वर ओढली, तळाशी गढूळ पाणी हिंदकळत होतं. रविवारी सकाळपर्यंत ते निवळून घोट्याएवढं झालं. आईनं नारळ आणि गूळ घेतला, डोक्यावर पदर घेतला आणि मामाला बोलवायला मी गेलो. मामा जेवणाच्या टेबलावर पेपर वाचत होता. विहिरीला पाणी आलं म्हटल्यावर त्यानं चष्मा काढला. "खरंच?" म्हणाला, दोनदा. मामी पोरांना आवरत होती, तिनं सांगितलं तुम्ही व्हा पुढं.

आमच्याकडची रीत अशी, की नव्या विहिरीची पहिली ओंजळ धन्याची. खणणारा आधी पीत नाही, मग तो किती का तहानलेला असेना. जमीन मामाची, तर धनी मामा. मामा म्हणाला, ग्लासात काढून द्या, पितो. बापू म्हणाले, "काढल्यालं पाणी बादलीचं, डॉक्टर. हिरीचं पाणी उतरूनच प्याचं आसतं." ते मागं लागले असं नाही. नुसतं बोलून उभे राहिले. आणि मामाला, मला वाटतं, त्या रविवारची पुरी अजून गिळायची राहिली होती. तो फळ्यांवर बसला. बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे काढून बुटांत कोंबले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली. त्याचे पाय पांढरे आणि मऊ झाले होते, गावच्या माणसाचे राहिले नव्हते. शिडीवर पाय ठेवताना बापूंना म्हणाला, "दाजी, तुमच्या नारळाला डिग्री दिली पाहिजे."

बापूंनी मान खाली घातली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं ते मला दिसलं, मामालाही दिसलं असेल.

तो तळाशी पोचला, वाकला, ओंजळ भरून प्याला. वरून त्याचं फक्त डोकं आणि ओले हात दिसत होते. "अक्का," त्यानं आईला हाक मारली, "गार आहे गं. आपल्या गावच्यासारखं लागतंय."

आवाज झाला नाही. वॉल्टरनं सांगितलं होतं तसंच. पाणी लागल्यावर खालची वाळू रात्रभर आतल्या आत सरकत असणार, आणि वर ताशीव कड तशीच उभी, आम्हाला दिसायला. बापूंच्या समोरची बाजू बसली, मग दुसरी तिच्यावर आली, शिडीसकट. जिथं मामा होता तिथं वाळू होती. बापूंनी उडी मारली. मी दोर धरून त्यांच्या कमरेला काय बांधलं, कसं बांधलं, मला आठवत नाही. ते हातांनी उपसत होते आणि उपसलं तेवढं परत येत होतं. आई कडेवर आडवी होऊन त्याला नावानं बोलवत होती, लहानपणीच्या नावानं. मामी पोरांना घेऊन वर आली तेव्हा तिला काय झालंय ते आधी कळलंच नाही; तिनं मला विचारलं, ते कुठायत?

वॉल्टर आदल्या दिवशीच लेकीकडून परतला होता. ओरडणं ऐकून धावत वर आला, आणि आल्या आल्या फळ्यांकडं गेला. वरचे मामाचे बूट बाजूला ठेवले, फळी उचलली, कडेला रोवून मला दुसरी आण म्हणाला. मग अग्निशमनची माणसं आली, त्यांनीही आधी फळ्याच लावल्या. मामाला बाहेर काढलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. फळ्या लावताना वॉल्टरनं माझ्याकडं एकदाच पाहिलं. विचारलं नाही काही. ना तेव्हा, ना चौकशीला आलेल्या माणसांपुढं, ना मरेपर्यंत. त्या पाहण्यापेक्षा त्यानं मला चार माणसांत झोडपलं असतं तर मी सुटलो असतो.

चौकशीत अपघात ठरला. मामीनं दिवस होईपर्यंत एक शब्द काढला नाही, चौदाव्या दिवशी आईला म्हणाली, "अक्का, मला तुमची तोंडं बघवत नाहीत." तिचं चुकलं असं मी कधी म्हटलं नाही. आम्ही वूस्टरला तीन मजली लाकडी घरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. बापू हॉटेलात भांडी घासायला लागले. नारळ त्यांनी परत हातात धरला नाही. माझ्या लग्नातसुद्धा आमच्या घरचा नारळ दुसऱ्यानं धरला. आई त्यांना वाढायची, त्यांचे कपडे धुवायची, आजारपणात उशाशी बसायची, आणि आपल्या भावाचं नाव त्यांच्यासमोर तिनं एकदाही उच्चारलं नाही. मागच्या गॅलरीतून तळ्यापलीकडं ती टेकडी दिसायची. ऑगस्ट सरताना आकाशाच्या कडेला जांभळा डाग पडायचा. त्या दिवसांत आई त्या बाजूच्या दोरीवर चादरी वाळत घालायची, वाळल्या तरी काढायची नाही.

मी भिंतींच्या कामावर लागलो. चाळीस वर्षांत माझी एकही भिंत पडलेली नाही, ज्याला बघायच्या त्याला दाखवतो. चर कमरेएवढा झाला की मी फळ्या मागायचो, मुकादम शिव्या द्यायचे, वेळ जातो म्हणायचे. मी फळ्या आल्याशिवाय उतरायचो नाही आणि दुसऱ्यालाही उतरू द्यायचो नाही. सगळी गँग मला 'बोर्ड्स' म्हणायची. बोर्ड्स आला, बोर्ड्सला विचारा. त्यांना वाटायचं, भित्रा आहे.

बापू गेले त्या वर्षी, शेवटच्या आजारपणात, दुपारची वेळ होती. आई खाली दुकानात गेली होती. मी त्यांना पेज भरवत होतो. दोन चमचे घेऊन त्यांनी तोंड मिटलं आणि म्हणाले, "म्हादू, त्या फळ्या म्हाताऱ्याच्या कुपनाच्या हुत्या न्हवं?"

"व्हय बापू," मी म्हणालो.

त्यांनी ओठाला लागलेली पेज हातानं पुसली. मग म्हणाले, "त्याचं कुपान तर दगडाचं हुतं रं."

चमचा माझ्या हातात होता. मी तो वाटीत ठेवला. त्यांना तेव्हाच कळलं होतं, फळ्या आल्या त्या दिवशी, का नंतर एवढ्या वर्षांत भांडी घासता घासता जुळवलं, हे मी विचारू शकलो नाही. त्यांनी आपणहून सांगितलं नाही. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला, भांड्यांच्या पाण्यानं चरे पडलेला, आणि म्हणाले, "तुज्या आईला काय सांगू नगं. माजी चूक म्हणून चाललंय, तसंच चालू दे." मग तोंड उघडलं, पेजेसाठी.

मी आईला सांगितलं नाही. ती गेली तेव्हाही बापूंचीच चूक होती. तळ्यापलीकडच्या त्या टेकडीएवढी चूक त्या माणसानं बायकोच्या डोळ्यांपुढं उचलून धरली आणि मी धरू दिली.

आता तिथं खड्डा नाही. टाउननं बुजवला, पण जागा खचून थाळीसारखी खोलगट झालीय, आणि त्या खोलगट भागात हेदर बाकीच्यापेक्षा दाट आहे, ओल असणार. रियानं मला तिथं उभं केलं, मागं जांभळं छान येतंय म्हणाली, आणि फोन वर धरून म्हणाली, आजोबा, स्माइल. मी हललो नाही. परत येताना गाडीत तिनं विचारलं, तुम्ही त्या बोर्डवरचं सगळं का वाचायला लावलं? मी म्हणालो, घरी गेल्यावर सांगतो. ह्या वहीला तिथून सुरुवात झाली. रियाला मराठी वाचता येत नाही, आणि तिच्या आईला, माझ्या लेकीला, मी ही वही दाखवलेली नाही. येत्या रविवारी नातीला समोर बसवून मीच वाचून दाखवणार आहे, पहिल्या पानापासून. मधे कुणी थांबवलं तरी.